खोकं उघडायचं नाही

खेळण्यातल्या आगगाड्या जमवणाऱ्या मंडळींचं एक मासिक निघतं. त्यात माझ्या मेहुण्यावर दोन पानं छापून आली आहेत, फोटोसकट. ‘शांत, निगर्वी, आयुष्यभर एकाच ध्यासाला वाहून घेतलेलं व्यक्तिमत्त्व. पत्नीची मोलाची साथ.’ लिहिणारा गृहस्थ त्या घरात चहा पिऊन अर्ध्या तासात उठला होता. मी त्या घरात धाकटीच्या लग्नापासून जाते आहे. मलाही चार ओळी लिहिता येतात, आणि ध्यास या शब्दाने माझे डोळे पाणावत नाहीत. तेव्हा आता माझं ऐका.

माझ्या धाकट्या बहिणीचा हा नवरा नोकरीला लिफ्ट तपासनीस होता. शहरभर हिंडून लोकांच्या इमारतींमधल्या लिफ्टचे दोर, ब्रेक, दारं तपासायची आणि ‘वापरण्यास सुरक्षित’ म्हणून सही ठोकायची. राहायला मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. यावरचा विनोद मी त्यांच्या संसाराच्या पहिल्याच वर्षी केला होता आणि सगळे पोट धरून हसले होते. धाकटीसुद्धा. तेव्हा तिचे गुडघे शाबूत होते.

नवी गाडी घरी आणली की हा जिन्यातूनच शिट्टी वाजवत यायचा, खरी गार्डची शिट्टी. म्हणून इमारतीतल्या पोरांनी त्याचं नाव गार्डसाहेब ठेवलं, आणि पुढे आम्हीही तेच म्हणायला लागलो.

घर दोन खोल्यांचं. त्यातली मोठी, रस्त्याकडे खिडकी असलेली खोली गाड्यांची. तीन भिंतींना काचेची कपाटं, त्यांना कुलपं, आणि खिडकीला जाड पडदा, कारण उन्हाने रंग विटतो. उरलेल्या खोलीत ही दोघं झोपायची, आणि माझी भाची ओट्याच्या कोपऱ्यावर वह्या पसरून अभ्यास करायची. धाकटी टेलिफोन खात्यात नोकरी करायची. काचेची कपाटं तिच्या पगारातून आली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “अगं ताई, दुसरं काही व्यसन नाही ना त्यांना.” जणू बाईने एवढ्यावरच खूश राहायचं असतं!

गाडी रुळावर चालवायची नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम आणखी मोठा होता: खोकं उघडायचं नाही. या लोकांच्या बाजारात कारखान्यातून चिकटपट्टी लावून आलं तसंच्या तसं, कधीच न उघडलेलं खोकं म्हणजे सोनं. एकदा पट्टी तुटली की गाडी ‘वापरलेली’ झाली, मग तुम्ही तिला बोटसुद्धा लावलेलं नसो. भाची सहा वर्षांची झाली तेव्हा त्याने तिच्यासाठी म्हणून एक निळं इंजिन आणलं. खोक्याच्या झाकणावरचं चित्र तिला दाखवलं आणि खोकं कपाटात ठेवून दिलं. “मोठी झालीस की उघडू हं.” पोरगी मोठी झाली, नोकरीला लागली, लग्न करून परगावी गेली. खोकं जागच्या जागी.

पुढे तो कारखानाच बंद पडला आणि त्या निळ्या इंजिनाचा भाव आभाळाला भिडला. दरवर्षी जुन्या खेळण्यांच्या भावांचं एक जाडजूड पुस्तक निघायचं. ते आलं की धाकटी भांडी घासत असायची आणि हा दारात उभा राहून मोठमोठ्याने वाचायचा.

“आज आपण किती श्रीमंत झालोत, कल्पना आहे का?”

“मग उद्यापासून दूध त्या इंजिनालाच आणायला सांगा,” मी म्हटलं होतं.

“ताई, तुम्हाला यातलं कळायचं नाही.”

कोणी पाहुणा आला की तो निळ्या इंजिनाचं खोकं अलगद हातात घ्यायचा, पाहुण्याच्या कानाशी नेऊन किंचित तिरकं करायचा. आत इंजिन सरकून ‘टक’ असा आवाज यायचा. “ऐकलंत? आत आहे ती!” हा एवढाच काय तो त्या इंजिनाचा चालण्याचा कार्यक्रम. मग कधीतरी त्याने ते दाखवणं बंद केलं. खोक्याला कोणाचा हातही लागू देईना. मला वाटलं, भाव वाढला तसा भावही खायला लागला. तेव्हा जरा डोकं चालवलं असतं तर बरं झालं असतं. असो.

धाकटीचे गुडघे पन्नाशीतच गेले. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, जिना बंद करा, तळमजल्यावर राहायला जा. त्या दिवशी गार्डसाहेबाने तिचा हात हातात घेतला म्हणे. “एवढ्याचसाठी तर जमवलंय सगळं. विकू, आणि तुला तळमजल्यावर घर घेऊ. पुढे अंगण असलेलं.” धाकटीने मला फोन करून हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी कॉलेजातल्या मुलीसारखा झाला होता. अंगणात काय लावायचं तेही तिने ठरवून टाकलं.

आणि गिऱ्हाईक आलंही. जुन्या वस्तूंचा व्यापारी, भला माणूस, आपली सावली कपाटांच्या काचांवर पडू नये म्हणून सुद्धा जपणारा. सगळा संग्रह एकरकमी घ्यायला तयार. त्याने सांगितलेल्या किमतीत तळमजल्याचं घर आलं असतं, अंगणासकट. धाकटीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

“फक्त न उघडलेल्यांपैकी दोनतीन उघडून बघावी लागतील,” व्यापारी म्हणाला. “निळं तर नक्कीच.”

“ते जमणार नाही.”

“साहेब, आत काय आहे ते न बघता एवढे पैसे कसे मोजू?”

“इतकी वर्षं मी बघितलं नाही, तुम्हाला कशाला बघायचंय?”

व्यापारी हसला. त्याला वाटलं थट्टा आहे. मग त्याच्या लक्षात आलं की नाही, आणि तो निमूटपणे टोपी घेऊन निघून गेला. धाकटीने माझा हात सोडला. गार्डसाहेब म्हणाला, “आणखी थोडं थांबू. भाव अजून चढणार आहे.”

चढतोय कसला! उतरणीलाच लागला. यात अवघड काही नाही. लहानपणी या गाड्यांसाठी जीव टाकलेली पोरं म्हातारपणी पैसे मोजून त्या विकत घेत होती, म्हणून भाव होता. ते म्हातारे एकेक करून गेले आणि त्यांच्या बायका एकाच वेळी कपाटं रिकामी करायला निघाल्या. बाजारात गाड्या उदंड आणि घेणारा कोणी नाही. आताच्या पोरांना त्यांच्याकडे बघायलाही वेळ नाही. दरवर्षी ते जाडं पुस्तक यायचं, पण गार्डसाहेब आता ते मोठ्याने वाचत नव्हता. आम्ही काही विचारलं की एकच उत्तर: “आणखी थोडं थांबू.”

तोवर धाकटीचं खाली उतरणं पूर्ण थांबलं होतं. भाजी, औषधं, वर्तमानपत्र सगळं मी नाहीतर शेजारीण वर नेणार. बरं, घरात बसून निदान रस्ता तरी दिसावा? खिडकी गाड्यांच्या खोलीत, आणि पडदा ओढलेला. एकदा मी तो सरकवला तर हा धावत आला. “ताई, ऊन!” मी म्हटलं, “बाईलाही लागतं ते कधीतरी.” त्याने पडदा पुन्हा ओढला. माझ्या बहिणीपेक्षा पत्र्याच्या डब्यांचा रंग महत्त्वाचा, हे त्याने मला तोंडाने कधीच सांगितलं नाही. शांत, निगर्वी माणूस ना!

शेवटी मी कोणाला न विचारता त्या व्यापाऱ्याला फोन केला. तो आला. केस पिकले होते, तीन मजले चढून धाप लागली होती.

“मीच बोलावलंय,” मी जाहीर केलं.

गार्डसाहेब कपाटासमोर जाऊन उभा राहिला. “विकायचं नाहीये.”

“बघू तर द्या.” हे धाकटी बोलली. स्वयंपाकघरातून भिंतीला धरत धरत ती त्या खोलीच्या दारापर्यंत आली होती. हातात भाजी चिरायची सुरी. “अहो, किल्ली द्या.”

“अगं, उघडलं की संपलं सगळं!”

“माझं कधीच संपलंय. किल्ली.”

त्याने खिशाला हात लावला, पण किल्ली काढली नाही. मग धाकटी एवढंच म्हणाली, “नाहीतर ताई काच फोडेल.” मी फोडली असती. त्याला ते माहीत होतं. त्याने किल्ली दिली.

तिने खोकं टेबलावर ठेवून पट्टीवरून सुरी फिरवली. झाकण उघडलं. आत चाकं होती, दांडे होते, आणि मधोमध फुगून तडकलेलं निळ्या रंगाचं काहीतरी. तिने बोट लावलं तर त्याचा तुकडा पडला आणि राखाडी भुगा टेबलावर सांडला. शिळी बिस्किटं चुरडावीत तसा.

“कीड,” व्यापारी हळूच म्हणाला. “त्या वर्षी कारखान्याच्या जस्तात भेसळ झाली होती. असा धातू आतूनच फुगतो, तडकतो, भुगा होतो. दमट जागेत तर लवकरच.”

मी भुग्याकडे बघतच नव्हते. मी गार्डसाहेबाच्या तोंडाकडे बघत होते. त्या तोंडावर दुःख होतं, पण आश्चर्य नव्हतं. तेवढ्यात मला ते ‘टक’ आठवलं.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं.

तो खोक्याचं झाकण बोटांनी सरळ करायला लागला.

“बोला ना!”

“टक वाजेनासं झालं होतं,” तो म्हणाला. “तिरकं केलं की वाळू सरकल्यासारखं व्हायचं.”

“कधीपासून?” धाकटीने विचारलं.

“हे पहिल्यांदा आले त्याच्या आधीपासून.”

मी ओरडले. “अहो, मग हे एक बाजूला काढून बाकीच्या विकायच्या होत्या! घर आलं असतं तिला!”

“त्यांनी बाकीची पण उघडायला लावली असती. त्यांतही... म्हणजे, उघडेपर्यंत निदान आहेत असं म्हणता येत होतं.”

त्याचं म्हणणं टिकावं म्हणून माझी बहीण तिसऱ्या मजल्यावर कोंडून पडली होती. नुसतं खोटं बोलला असता तरी एक वेळ मी सोडून दिलं असतं. पण हा रोज तिच्यासमोर जेवायला बसायचा, ती अंगणात काय लावायचं ते बोलायची, आणि हा मान डोलवायचा.

व्यापारी बिचारा अवघडून गेला. काहीतरी करायचं म्हणून त्याने आतलं सगळं टेबलावर ओतलं, रिकामं खोकं उलटसुलट केलं, उजेडात धरलं. मग खाकरून म्हणाला, “बाई, हे खोकं विकणार का?”

“काय?”

“खोकं. माझ्या गिऱ्हाइकांकडे गाड्या आहेत, खोकी नाहीत. सगळ्यांनी लहानपणीच फाडून टाकलेली. गाड्यांचे भाव पडले, पण असं कोरं करकरीत खोकं हल्ली बघायलाही मिळत नाही. एवढी चांगली मी एका जागी कधी पाहिली नाहीत.”

धाकटी खुर्चीत बसली आणि हसायला लागली. तिला असं हसताना मी कितीतरी वर्षांनी बघत होते. डोळे पुसत म्हणाली, “सगळी घ्या.”

“सगळी?”

“एकूण एक. आतल्या गाड्या इथेच टेबलावर काढून ठेवा.”

आता गार्डसाहेबाच्या तोंडचं पाणी पळालं. “अगं वेडी झालीस का? खोक्याशिवाय त्या गाड्यांना कोण विचारणार? विकायला गेलो तर निम्मासुद्धा भाव येणार नाही!”

“पण तुम्हाला विकायच्या कुठे आहेत?”

दुपारभर धाकटी, व्यापारी आणि मी, तिघांनी पट्ट्या कापल्या. काही इंजिनं धडधाकट निघाली, काहींचा भुगा. व्यापाऱ्याने खोकी नव्या बाळासारखी मऊ कापडात गुंडाळून नेली.

त्या पैशांत घर कुठलं येणार! पण समोरच्याच गल्लीत तळमजल्यावरच्या एका खोलीची अनामत भरता आली. भाडं ती आपल्या पेन्शनमधून देते. अंगण नाही, दाराबाहेर दोन कुंड्यांपुरती जागा आहे. सामान हलवणाऱ्या दोन माणसांनी तिला खुर्चीसकट खाली आणलं, आणि ही बया प्रत्येक वळणावर ओरडत होती, “सांभाळून रे, खोकं उघडू नका!” खोलीत शिरल्या शिरल्या तिने खिडकी सताड उघडली आणि पडद्याच्या दांड्या उपटायला लावल्या.

“तुम्हीही चला,” असं ती त्याला म्हणाली होती, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. मला ते पटलं नव्हतं. त्याने विचारलं, “आणि गाड्या?” तिने पुन्हा विचारलं नाही.

आता तो वर राहतो, उघड्यावाघड्या गाड्यांच्या सोबतीला, आणि जेवायला खाली येतो. दोन्ही वेळा तीन मजले उतरायचे आणि चढायचे. ताट वर पाठवायला धाकटीने साफ नकार दिलाय. मासिकवाला मुलाखतीला आला तेव्हा हा त्याला काय बोलला देव जाणे. फोटोत मागे कपाटं आहेत, खोकी नाहीत, आणि दोन पानं लिहिणाऱ्याला खोकी कुठे गेली हे विचारावंसं वाटलं नाही. ‘पत्नीची मोलाची साथ’ मात्र न विचारता सुचली.

परवा मी तिथेच होते. गार्डसाहेब दारात येऊन चौकटीला टेकला. चेहरा लालबुंद.

“गुडघे फार दुखतात गं हल्ली,” तो म्हणाला. “जिना झेपत नाही. काहीतरी करायला हवं.”

धाकटी कुंडीला पाणी घालत होती. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“हो ना,” ती म्हणाली. “आणखी थोडं थांबू.”

आत ताटं दोनच मांडलेली होती, तिचं आणि माझं. तिसरं तिने तो येऊन बसल्यावर काढलं.