सरांच्या पायांवरची पावडर
क्लोरीनचा वास आला की खराडीतली ती खोली आठवते. साथीच्या कामासाठी परदेशी जाण्याआधीचं ते आमचं शेवटचं प्रशिक्षण होतं. सर रुग्ण होऊन झोपले होते आणि जंतू म्हणून त्यांच्या अंगभर निळ्या दिव्यात चमकणारी पावडर टाकली होती. मैत्रिणीने त्यांना तपासलं, संरक्षक पोशाख एकही चूक न करता उतरवला, आणि आनंदाच्या भरात सरांच्या पाया पडून हात डोळ्यांना लावले. सरांनी खोलीत अंधार करून निळा दिवा धरला. तिच्या पापण्या चमकत होत्या. "अभिनंदन. आपण वारलात," सर म्हणाले. आम्ही हसलो, ती सगळ्यांत जास्त. पहिल्या तुकडीत तीच गेली. परत आली नाही. आता सरांच्या जागी मी झोपते. कुणी पायांशी वाकलं, की झटकन पाय ओढून घेते.