चाचांचा स्पॅनिश रियाल

हातातलं काम जरा ठेवा, हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर मला जेवण जाणार नाही! सौदीतल्या यान्बूत आमच्या बिल्डिंगखाली क्रोकरीचं दुकान चालवणारे रत्नागिरीचे चाचा म्हणजे अख्ख्या अरबस्तानात निव्वळ कानाच्या भरवशावर जगणारा एकमेव माणूस. काहीही हाती आलं की आधी वाजवून बघणार. बशीला टिचकी, कलिंगडाला थाप. मी नाशिकहून प्लांटमध्ये नवीन आलो तेव्हा माझ्याही पाठीवर थाप मारून म्हणाले, "पोकळ वाजतोयस. जेवला नाहीस वाटतं." आणि लगेच चाचींना हाक, ताट वाढा म्हणून.

पण सगळ्यात लाडकं त्यांचं नाणं. तळहातात मावेल एवढी चांदीची चकती, वर स्पेनच्या राजाचा छाप. गिऱ्हाईक कप घ्यायला आलं की ते आधी काउंटरवर खण्णकन वाजणार, मग इतिहास. मेक्सिकोत पाडलं, कॉफीच्या सौद्यात येमेनच्या मोखा बंदरात उतरलं, तिथून सुरतेला गेलं, सराफाने पारखून ठसा मारला, आणि आपला सौदी रियाल म्हणे याचाच पणतू! कुणी हात लावला की लगेच रुमालाने पुसणार. इराकने कुवेत बळकावलं, युद्धाची चिन्हं दिसायला लागली, तसं त्यांनी ते बंडीच्या खिशात शिवूनच टाकलं. कुवेतहून पळून आलेल्यांच्या नोटा कुणी घेत नव्हतं ना! "नोटेला आवाज नसतो रे. चांदी बोलते."

आणि मग येमेन इराकच्या बाजूने गेला म्हणून इथल्या येमेनी लोकांवर परत जायची पाळी आली. शेजारी खुब्ज, म्हणजे इथली रोटी, भाजणारा मोखाचा म्हातारा, चाचांचा वीस वर्षांचा दोस्त. त्याची भट्टी खलास. चाचा बंडी उसवून माझ्यापुढे उभे. "तुझ्या प्लांटच्या वर्कशॉपात करवत आहे ना? मधोमध काप." मी नाहीच म्हटलं. तर म्हणे, पूर्वी सुट्टे नसले की याचे तुकडेच करून देत, आणि अख्खं दिलं तर तो घेणार नाही. कापलं मी. म्हातारा नको नको म्हणत असताना चाचांनी अर्धं त्याच्या मुठीत कोंबलं. "तुझ्याच बंदरातून आलंय. अर्धं घरी घेऊन जा."

आता युद्ध संपलंय. आज दुकानात गेलो तर चाचांनी सवयीने आपलं अर्धं काउंटरवर टाकलं. टक्. एवढंच. असा आवाज करणारी बशी त्यांनी त्याच पावली परत पाठवली असती. पण तो तुकडा उचलून त्यांनी कानाशी धरला, बराच वेळ धरला, आणि पुन्हा बंडीत ठेवला.

तुमच्याही ओळखीत आहे का हो असं कुणी, आता न वाजणारी वस्तू आधीपेक्षा जास्त जपणारं?