कानाने बघणारे काका

आमच्या शेजारचे काका कोणतीही वस्तू आधी कानाने बघत. नवा फोन असो, मिक्सर असो, कोणाचा तरी रंगीत लायटींचा गेमिंग कॉम्प्युटर असो, काकांनी मान वाकडी करायची, डोळे मिटायचे आणि कान त्या वस्तूला टेकवायचा. मग दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. बिल्डिंगमध्ये त्यांचं नाव 'स्टेथो' पडलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. "असू दे की. डॉक्टर हल्ली नाडी बघत नाहीत, मी निदान ऐकतो तरी," म्हणायचे.

नोकरी टेलिफोन खात्यात झालेली. उरणपासून आपट्यापर्यंतच्या लाइनी त्यांनी हँडसेट कानाला लावून तपासल्या होत्या. खरखर नेमकी कुठून येते हे कळलं की दुरुस्ती अर्धी झाली, हा त्यांचा हिशोब. निवृत्त झाले, बायको गेली, मुलगा निखिल कॅनडाला गेला आणि तो तयार कान घरात नुसता बसून राहिला. मग तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या यंत्रांना लागला.

मी नवीन पनवेलच्या त्या बिल्डिंगमध्ये आले ती आई गेल्यावर. एकटी बाई, विमा कंपनीचं घरून काम. चार महिने माझ्या दाराची बेल फक्त पार्सलवाले वाजवत होते. एका दुपारी दार उघडलं तर काका. "तुमचा लॅपटॉप धापा टाकतोय. तीन दिवस भिंतीतून ऐकतोय, राहवलं नाही म्हणून आलो." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "काका, भिंतीला कान लावून माझ्या घरातलं ऐकता तुम्ही?" ते एक पाऊल मागे सरले. "तुमचं नाही हो. पंख्याचं."

असं म्हटल्यावर माणूस किती भांडणार? मी लॅपटॉप पुढे केला. काकांनी जेवणाच्या टेबलावर तो उघडला, स्क्रू एका स्टीलच्या वाटीत काढून ठेवले आणि ब्रशने आतून राखाडी कापसाचा गोळा बाहेर काढला. "हे बघा, उशी भरेल एवढं आहे." मग पंखा चालू करून मलाही कान लावायला लावला. "कॉम्प्युटरचा पंखा सात नाहीतर नऊ पात्यांचा, तो गुणगुणतो. घरातला तीन पात्यांचा, तो फडफडतो. कळतंय का फरक?" मला ओ की ठो कळलं नाही, पण हो म्हटलं. लॅपटॉप परत लावला तेव्हा घर इतकं गप्प झालं की मला ते सहन होईना. मी त्यांना चहाला थांबवून घेतलं. तिसऱ्या चहाला मी 'अहो वैशाली'ची 'अगं वैशाली' झाले.

काकांची मतं म्हणजे काळ्या दगडावरच्या रेघा. पातळ लॅपटॉप दिसला की त्यांना दया यायची. "पोटात जागाच नाही, श्वास कुठून घेणार बिचारा?" कॅबिनेटमध्ये लाल-निळ्या लायटी लावलेल्या बघितल्या की विचारत, "हे पळण्यासाठी घेतलंय की मिरवण्यासाठी?" बिनवायरचे इअरफोन हे मुळात हरवण्यासाठीच बनवतात अशी त्यांची खात्री होती आणि माझे दोन जोड हरवल्यावर ती पक्की झाली. हार्ड डिस्क जाऊन एसएसडी आली याचं तर त्यांना मनापासून वाईट वाटलं. मी म्हटलं, "काका, किती वेगवान आहे ती!" तर म्हणाले, "असेल. पण आवाजच नाही गं तिला. आहे की गेली, कळणार कसं?"

आणि खोका टाकायचा नाही. वस्तू कसलीही असो, खोका, थर्माकोल, पिशवी, आतली गाठ मारायची तारसुद्धा माळ्यावर गेली पाहिजे. मी एकदा नव्या मॉनिटरचा खोका कचऱ्याला काढला तर त्यांनी तो जिन्यातून परत आणून माझ्या दारात उभा केला. "उद्या कुठे न्यायची वेळ आली तर धक्के खात न्यायचं का?" माझा माळा त्यांच्यापायी भरला. त्यांचा तर आधीच भरलेला होता, आणि त्यातल्या सात-आठ खोक्यांवर पेनाने 'निखिल' लिहिलेलं होतं.

ते सगळे खोके एकाच कॉम्प्युटरचे. निखिल इंजिनिअरिंगला असताना बापलेकांनी एकेक भाग आणून तो स्वतः जोडला होता. या महिन्यात मदरबोर्ड, पुढच्या महिन्यात ग्राफिक्स कार्ड, असं करत. फरशीवर दोघं मांडी घालून बसलेले आणि मध्ये तीच स्क्रूची वाटी. काका ही गोष्ट दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी सांगायचे आणि मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकायचे.

दर रविवारी सकाळी अकरा वाजता काका ते मशीन तासभर चालू करत. "पनवेलची हवा खारट. बंद ठेवलं की कॉन्टॅक्ट गंजतात. आठवड्यातून एकदा अंग गरम झालं पाहिजे त्याचं." भिंतीतून गुणगुण सुरू झाली की मी पोहे किंवा उपमा घेऊन पलीकडे जायचे. मग गेम. शहरातून गाडी चालवायची, अर्ध्या पडद्यावर ते, अर्ध्यावर मी. निखिलच्या नावाने खेळलेलं सगळं आत तसंच होतं, त्याला काका हात लावू देत नसत. गेमने नाव विचारलं की आमच्या दोघांच्या पुढे 'गेस्ट' टाकायचे. "त्याचं आहे ते. आपण दोघं पाहुणे."

आणि पाहुण्यांनी कसं वागावं! लोक त्या गेममध्ये फुटपाथवरून गाड्या उडवतात, हे लाल सिग्नलला थांबायचे. मागून मी हॉर्न मारतेय, "काका, चला ना, पोलीस नाहीये इथे!" तर म्हणायचे, "पोलीस नाही म्हणून काय झालं? बाई रस्ता ओलांडतेय, तिला जाऊ दे." ती बाई म्हणजे कॉम्प्युटरने काढलेली. ती सावकाश पलीकडे जाईपर्यंत काका थांबत आणि मीही थांबत असे. असं हसायला मला आठवडाभर दुसरीकडे कुठे मिळत नव्हतं.

एकदा मशीन बंद करताना ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, "निखिलला सांगू नकोस हं, दर रविवारी चालू करतो ते. म्हातारा वाट बघत बसलाय असं वाटेल त्याला. तिकडे त्याला त्याचे ताप कमी आहेत का?" मी म्हटलं, "मी कशाला सांगू?" आणि तोंडाला कुलूप लावलं. माझ्या आयुष्यात इतकं इमानेइतबारे पाळलेलं दुसरं वचन नाही, आणि त्याचाच मला आजही पश्चात्ताप होतो.

निखिल आला, पंधरा दिवसांसाठी. चांगला मुलगा, उगाच नावं ठेवणार नाही. काकांच्या गुडघ्यासाठी बाथरूममध्ये दांडे बसवले, डॉक्टर बदलला, गिझर बदलला. काकांनी त्याच्या येण्याआधी ते मशीन पुसून लख्ख केलं होतं, प्रोसेसर गार ठेवणारी आतली पेस्ट बदलली होती, गेमच्या दोन्ही रिमोटचे सेल नवे घातले होते. पहिला रविवार निखिलचा सासुरवाडीत गेला. अकरा वाजता भिंतीपलीकडे गुणगुण नव्हती. काका मशीनला हात न लावता त्याची वाट बघत होते.

दुसऱ्या आठवड्यात निखिल माझ्याकडे आला. "ताई, तो जुना कॉम्प्युटर काढून टाकावा म्हणतो. नुसती जागा अडवलीय, तिथे बाबांना नीट पलंग येईल. त्यांनाही काढायचाय, पण मला वाईट वाटेल म्हणून बोलत नाहीत. कोणी घेईल का हो?" माझ्या जिभेवर आलं होतं. अरे बाबा, दर रविवारी अकरा वाजता... पण वचन! शिवाय वाटलं, बापलेकांच्या मध्ये पडणारी मी कोण? त्यांचं बोलणं झालं असेल. मी मूर्खासारखा फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपमधल्या कोणाच्या तरी ओळखीतून कळंबोलीहून म्हात्रे नावाच्या गृहस्थांचा मला फोन आला. लोखंडबाजारात वजनकाट्यावर कामाला, घरी बायको आणि शाळेत जाणारी मुलगी.

म्हात्रे बघायला येणार होते त्या सकाळी काका हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते. नोव्हेंबर होता. निखिलला वाटलं, बाबा परत येईपर्यंत खोली मोकळी करून त्यांना खूश करावं. म्हात्रे रिक्षा घेऊन आले. निखिलने माळ्यावरून खोके उतरवले, एकेका वस्तूला तिचा थर्माकोल बरोबर बसला. म्हात्रे हरखून गेले. "ताई, खोक्यासकट कोन देतो हो? दुकानातून नवीन काढल्यासारखा हाय." आधी ते बघून, विचार करून सांगणार होते. खोके बघितल्यावर तिथल्या तिथे घेऊन गेले. कधीतरी मुलाकडे न्यायची वेळ येईल म्हणून जपलेले खोके असे कामाला आले.

काका परतले तेव्हा मी पोळीभाजीचं निमित्त करून तिथेच होते. ते दारात थांबले, रिकाम्या टेबलाकडे बघितलं आणि निखिलला म्हणाले, "छान केलंस. जागा झाली." एवढंच. संध्याकाळी जिन्यात भेटले तेव्हा हळूच विचारलं, "खोकेपण दिले?"

"हो काका."

"बरं झालं. रिक्षात धक्के लागले नसतील."

मी तिथेच रडायला लागले. म्हटलं, मला माहीत होतं, मी सांगायला हवं होतं. काका माझ्या डोक्यावर थोपटत म्हणाले, "तुझी काय चूक? मीच तुला गप्प बसवलं होतं." निखिलला मात्र त्यांनी शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

तो गेला त्यानंतरच्या रविवारी अकराला काकांनी बेल वाजवली. "त्या म्हात्र्यांचा नंबर आहे का गं?" मी लावून दिला, स्पीकरवर. काकांनी नाव सांगितलं आणि लगेच कामाचं सुरू केलं. "आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवत जा. खाडीची हवा आहे आपल्याकडे. आणि एक करा, जरा फोन त्याच्याजवळ धरा." मग म्हात्रे म्हणाले, "धरतो की, काका. आइका." आणि ती गुणगुण माझ्या घरात आली. काकांनी डोळे मिटले.

ते मग दर रविवारचं झालं. आधी पोहे, मग म्हात्र्यांना फोन. पहिल्या एकदोन वेळा म्हात्रे वैतागलेले वाटले, पण पुढे त्यांचीच सुरुवात असायची. "काका, चालू केलाय, आइका." कधी त्यांची मुलगी मधूनच विचारायची, आजोबांचा फोन आहे का. पुढच्या पावसाळ्यात एकदा काका ऐकता ऐकता थांबले. भुवई वर गेली. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "पंखा बदललाय त्यांनी. मोठा आहे. तीन पात्यांचा वाटतो." मी पोह्यांवर लिंबू पिळत होते, हं म्हटलं. काका थोड्या वेळाने म्हणाले, "भला माणूस आहे." पुढच्या रविवारी त्यांनी नेहमीसारखाच फोन केला आणि तसेच डोळे मिटून पुरतं ऐकलं.

यंदा फेब्रुवारीत काका गेले. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या, कोणाला त्रास न देता. निखिल आला, दहावा-तेरावा केला, घराला कुलूप लावून, किल्ली माझ्याकडे देऊन गेला. जाताना म्हणाला, "ताई, बाबांचं मन कशात रमायचं हो इथे? मला कधी कळलंच नाही." या वेळी मी सगळं सांगितलं. तो माझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडला.

तो गेल्यावरच्या रविवारी मी पोहे केले नाहीत. अकरा वाजले आणि भिंतीकडे बघत बसले. तेवढ्यात फोन वाजला. म्हात्रे.

"ताई, दोन-तीन रविवार झाले, काकांचा फोन नाय. बरे हायेत ना?"

मी सांगितलं. त्यांनी दोनदा 'अरेरे' म्हटलं. मग म्हणाले, "ताई, तुमाला एक सांगायचा हाय. त्यो कॉम्प्युटर मागच्या पावसातच गेला. वीज कडाडली, बोर्डच जळला. काकांना सांगायची हिंमत नाय झाली. मंग मी रविवारी टेबलफॅन लावायचो आनि फोन त्याच्या म्होरं धरायचो. लय वाईट वाटतं हो. म्हाताऱ्या मानसाला फसवला मी."

तीन पात्यांचा! अहो, माझ्याच टेबलावर बसून त्यांनी मला शिकवलं होतं, घरातला पंखा तीन पात्यांचा असतो म्हणून. त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. मशीन गेलं हे कळलं होतं आणि कोणीतरी त्यांच्यासाठी दर रविवारी पंखा लावून फोन धरून उभं राहतं, हेही कळलं होतं. तरी ते फोन करत राहिले, आणि मी शेजारी बसून पोहे खात होते!

मी म्हात्र्यांना म्हटलं, "नाही हो, तुम्ही नाही फसवलंत. त्यांना माहीत होतं. तुम्हाला भला माणूस म्हणाले होते ते." पलीकडे म्हात्र्यांनी नाक ओढल्याचं ऐकू आलं. दोघंही फोन ठेवेनात.

मग त्यांनीच विचारलं, "ताई, लावू का पंखा?"

"लावा," मी म्हटलं, आणि डोळे मिटून फोन कानाला धरला.