दहा किलो तांबं

मिस्त्रींशी बोलायचं तर समोर उभं राहून, दंडाला हात लावून, मोठ्याने बोलावं लागे. चाळीस वर्षं बॉयलरच्या पोटात बसून रिव्हेट ठोकलेल्या माणसाचे कान राहणार कुठे? पण हात असे की नळीवरून तळवा फिरवला की ती कुठे झिजलीय ते अचूक सांगत. विशीत असताना एक बॉयलर फुटला आणि त्यात त्यांचा सख्खा भाऊ गेला. तेव्हापासून घरात चहाचं पाणी खळखळलं तरी हा माणूस उठून झाकण काढायचा. बायको हसायची. मग तीही गेली आणि एकुलती एक लेक उरली.

आणि अशा माणसाला जावई मिळावा तो वाफेवर विमान उडवणारा! नशीब म्हणतात ते हेच.

दिवस वाफेचे होते. आगगाडी वाफेवर, आगबोट वाफेवर, मग विमानानेच काय घोडं मारलंय, असं म्हणत ठिकठिकाणची शहाणीसुरती माणसं खुळावली होती. कुणाचं यंत्र जागचं हललं नाही, कुणाचं वीतभर उठून कोसळलं. गोम एकच. वाफ हवी तर बॉयलर हवा, आणि बॉयलर म्हणजे वजन. मिस्त्रींच्या मालकांनी तर वजनाचा ध्यासच घेतला होता. कारखान्यात प्रत्येक भाग काट्यावर चढायचा. बसायच्या फळीलाही भोकं पाडली होती. जावई पंधरा दिवस अर्धपोटी होता. लेक भडकून म्हणायची, "तुमच्या मालकांना सांगा, नवरा उपाशी ठेवून उडवायचा असेल तर मीच त्याला गच्चीवरून ढकलते."

पहिलं उड्डाण झालं मात्र झोकात. माळावर ओळीने निशाणं रोवली होती. तिसऱ्या निशाणापाशी विमान उठलं, टोकाची दगडी भिंत ओलांडून पलीकडच्या गवतात उतरलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. मिस्त्रींनी टाळी वाजवली नाही. ते सरळ बॉयलरपाशी गेले, निवायची वाट पाहिली आणि हात फिरवला. विस्तवालगतच्या चौदा तांब्याच्या नळ्या फुगल्या होत्या. त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

"जाड नळ्या घालू द्या," ते मालकांना म्हणाले.

मालकांनी त्यांच्या दंडाला हात लावला. "मिस्त्री, आपण आगबोट बांधत नाही. त्याच मापाच्या नव्या घाला."

"फुटल्या तर?"

"जाड घातल्या तर उडणारच नाही. वाद नको."

मिस्त्री मान डोलावून कामाला लागले. पण त्या आठवड्यात त्यांना घास गोड लागला नाही. नातू मांडीवर येऊन बसला की भाऊ आठवायचा. शेवटी सुट्टीच्या दिवशी भर दुपारी त्यांनी कारखाना उघडला आणि चौदाच्या चौदा नळ्या दुप्पट जाडीच्या बसवल्या. वजन वाढलं दहा किलो. बॉयलर आधीच एकदा तोलला होता, पुन्हा काट्यावर कोण चढवतो? आणि ज्याने जन्मभर टनांचे बॉयलर बांधले, त्याला दहा किलो म्हणजे किस झाड की पत्ती! जावयालाही त्यांनी सांगितलं नाही. त्याच्या पोटात गोष्ट राहत नसे. तो मालकांना बोलला असता आणि पातळ नळ्या परत आल्या असत्या. आता काही का होईना, बॉयलर फुटणार नाही. त्या रात्री मिस्त्री गाढ झोपले. मला तर त्या झोपेचाच राग येतो.

दुसरं उड्डाण. विमान धावत सुटलं. तिसरं निशाण मागे पडलं, चाकं जमिनीवरच. चौथं मागे पडलं. मिस्त्रींना आपले दहा किलो आठवले. ते दोन्ही हात हलवत धावले, "बंद करा, जावईबापू, वाफ बंद करा!" त्या धडधडाटात ऐकणार कोण? जावयाला पहिलं उड्डाण ठाऊक होतं. आत्ता उठेल या भरवशावर त्याने वाफ पूर्ण सोडली. पाचव्या निशाणापलीकडे विमान उठलं खरं. पण चाकं भिंतीच्या माथ्यात अडकली.

चार दिवसांनी लेक नवऱ्याचं सामान न्यायला कारखान्यात आली. मोडतोडीतून काढलेला बॉयलर मेजावर ठेवला होता, एकही नळी फुटली नव्हती. मालक कारकुनाला अहवाल सांगत होते. मिस्त्रींना ओठ हलताना दिसत होते. त्यांनी लेकीला विचारलं, "काय म्हणतायत?"

तिने त्यांचा दंड धरला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, "म्हणतायत, बॉयलर ठणठणीत आहे. चूक आमच्या यांचीच. हे घाबरले. पुढच्या महिन्यात हाच बॉयलर घालून दुसरा चालक उडवणार आहेत."

मिस्त्री गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. पण त्यांनी पाना घेतला, खालची एक नळी सोडवली आणि काट्यावर ठेवली. मालकांनी काटा पाहिला, मग मिस्त्रींकडे पाहिलं.

"अशा चौदा आहेत," मिस्त्री म्हणाले. "मी घातल्या. त्यांची चूक नव्हती. ते घाबरले नव्हते."

कारकुनाची लेखणी थांबली. लेकीने काट्यावरची नजर काढून त्यांचा दंड धरला.

"त्यांना का नाही सांगितलंत, बाबा?"

"मला ते जिवंत हवे होते गं. दुसरं काही नको होतं."

तिने सामानाचं गाठोडं उचललं, खाली ठेवलं, परत दंड धरला.

"घाबरले होते ते," ती म्हणाली. "सकाळी जायलाच तयार नव्हते. मीच म्हटलं, बाबांनी बघितलंय सगळं, जा बिनघोर."