मन्मथप्पांची जीप पासिंगला

आमच्या मालकांचं बूड एका जागी टिकत न्हाई, हे मला लग्नाच्या पंगतीतच कळलंतं. बाकीची माणसं जेवणावर ताव मारीत होती आन नवरदेव दर दोन घासाला उठून कुणाला काय वाढलं न्हाई ते बघत होते. केजच्या बाजारात सासऱ्यांचं किराणा दुकान. थोरले दीर गादीवर बसले ते बसलेच. हे मात्र घटकाघटकाला उठून रस्त्यावर. शेवटी सासरेच म्हणले, "मन्मथ, तुझ्या पायाला भिंगरी हाय, तू गाडी घे." तवापासून सव्वीस वर्षं झाली, हे केज ते धर्मापुरी वडाप जीप चालवतात. आधी एक होती, आता ही दुसरी, तिलाच चौदा वर्षं झाली. कुठली म्हातारी कुठल्या फाट्याला उतरती, कुणाचा गुडघा दुखतोय, समदं ह्यांना पाठ. माझ्या गुडघ्याचं मात्र मलाच सांगावं लागतं.

एक कबूल करते. सव्वीस वर्षांत ह्यांच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली न्हाई. त्याचा गर्व लई. कुणी गाडीला नाव ठेवलं की ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात.

आता आमची ईश्वरी. एकुलती लेक, चोवीस वर्षांची. बापाचीच भिंगरी पोरीच्या पायाला. गाडी शिकली, लायसन काढलं, प्रवासी गाडीचा बॅजबी काढला. आमच्या भावकीनं तोंडं वाकडी केली, मी म्हणलं करा. तेवढ्यात कन्या शाळेच्या ताराबाईंचा निरोप आला. वाड्यावस्त्यांवरच्या अकरा पोरी शाळेत आणायच्या होत्या, आन त्यांच्या आया म्हणत होत्या की बाई डायव्हर असली तरच पोरी पाठवू, न्हाईतर पोरी घरी बसतील. ताराबाईंनी ईश्वरीला सांगितलं, "काम तुझंच. फक्त तुमच्या जीपची पासिंग संपत आलीय. सोमवारी सकाळी नवीन कागद दाखव, न्हाईतर मला दुसरीकडं बघावं लागंल."

पोरगी त्या रात्री जेवली न्हाई, आनंदानं. आन हे जेवले न्हाईत, का ते मला तवा कळलं न्हाई. नुसते अंगणात येरझारा. म्हणले, "पहिलं वर्षभर मीच चालवतो, ती शेजारी बसंल." मी म्हणलं, "अवो, बाई डायव्हर पाहिजे म्हणत्यात, तुमी लुगडं नेसणार हाय का?" तर उठून गाडी पुसायला गेले.

पासिंगचं आमाला नवीन न्हाई. गाडी आठ वर्षांची होईस्तोवर दोन वर्षांनी एकदा, त्याच्यापुढं दरसाल. आतापतोर बीडला जायचं, साहेब शेजारी बसायचे, हे मैदानात एक चक्कर मारायचे, ब्रेक दाबायचे, गाडी जागच्या जागी उभी. साहेब सही करायचे. औंदा कुणी म्हणालं नियम बदललेत, आता मशीन तपासतंय. हे म्हणले, "मशीनला काय कळतंय?" ईश्वरीनं मोबाईलवर अर्ज भरला, गुरुवारची वेळ घेतली. मीबी निघाले. ह्यांचं तोंड अन् डोकं दोन्ही गरम, सांभाळायला कुणी पाहिजे का न्हाई?

गुरुवारी बीडला पोचलो तर हे सवयीनं थेट जुन्या कचेरीवर. तिथं खिडकीतला माणूस म्हणला, "इथं तपासणी होत न्हाई आता. केंद्रावर जा." केंद्र कुठं? "बायपासच्या पलीकडं." पानटपरीवाला म्हणला अलीकडं. एका ट्रकवाल्यानं सांगितलं की डाळमिलच्या मागं, डाळमिलवाला म्हणला पुढच्या डाळमिलच्या मागं. मोबाईलमधली बाई आमाला तुरीच्या रानात घेऊन गेली. अकराची वेळ, साडेदहा वाजलेले. हे स्टेरिंगवर बोटं वाजवायला लागले, ईश्वरी नखं खायला लागली आन मी दोघांच्या मधी बसून शिवशिव म्हणत होते. शेवटी एका रिकाम्या टँकरच्या मागं लागलो. टँकर रिकामा फिरतोय म्हणजे तोबी पासिंगलाच चाललाय, हे ईश्वरीचं डोकं. माळावर पत्र्याचं मोठं शेड, बाहेर गाड्यांची रांग. सापडलं एकदाचं, अकराला पाच मिनिटं कमी असताना.

तिथला आदिनाथ नावाचा माणूस, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट, बोलायला नरम. म्हणला, "आप्पा, गाडी आमचा माणूस चालवणार. तुमी पिवळ्या पट्टीच्या बाहेर थांबायचं."

झालं! सव्वीस वर्षांत ह्यांनी आपल्या गाडीची चावी दुसऱ्याला दिली न्हाई. ईश्वरीसुद्धा ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर शिकली. चावी हातात घट्ट धरून उभे. ईश्वरीनंच बोटं सोडवून घेतली.

पहिलं घोडं दिव्यांवर अडलं. रोज सकाळी पूजा झाली की हे दोन्ही दिव्यांच्या काचेवर भस्माचे तीन-तीन पट्टे ओढतात, वर तेलाचं बोट. आपल्या कपाळाला तसं गाडीच्या कपाळाला. वर्षानुवर्षांचा थर! मशीन म्हणालं, उजेडच पडत न्हाई. आदिनाथ फडकं घेऊन पुढं झाला तर हे ओरडले, "हात लावू नका!" मग स्वतः गेले, गळ्यातलं इष्टलिंग कपाळाला लावलं आन उपरण्यानं काचा पुसल्या. रांगेतले लोक हसले. मला हसूबी येईना आन रागबी. दिवे पास झाले.

मग ब्रेक. जीपची पुढची चाकं लोखंडी रोलरवर चढवली. रोलर चाकं फिरवतात, माणूस ब्रेक दाबतो, आन कुठलं चाक किती धरतंय ते आकड्यात पडद्यावर दिसतं. त्यांनी एकदा केलं, दोनदा केलं. आदिनाथ आमच्याकडं आला तवाच मला त्याच्या तोंडावरून कळलं.

"आप्पा, नापास. डावं चाक चांगलं धरतंय, उजवं त्याच्या निम्मंबी न्हाई. एवढा फरक नियमात बसत न्हाई. करकचून ब्रेक दाबला तर गाडी डावीकडं वढणार."

ह्यांच्या अंगाचा तिळपापड. "माझी गाडी वढती? तुमच्या माणसाला ब्रेक दाबता येत न्हाई! आधी दोनदा हलकं मारायचं, मग धरायचं."

"तीनदा दाबायला म्हैस थांबती का आप्पा, आडवी आल्यावर?"

"सव्वीस वर्षं थांबल्यात!"

आदिनाथनं कागद हातात दिला. दुरुस्ती करून परत आणा, परत तपासू, शनिवारी जागा हाय. ईश्वरीचं तोंड एवढंसं झालं. शनिवारी पुन्हा नापास झाली तर सोमवार गेला, आन सोमवार गेला की काम गेलं. त्यात फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर पांढऱ्या शर्टातला एकजण ह्यांच्या कानाला लागला. "कशाला त्रास आप्पा? गाडी आणायची गरज न्हाई. मी बघतो. रविवारी कागद घरपोच." हे न्हाई म्हणले न्हाईत. माझ्याकडं बघितलं, मीबी मान वळवली. खोटं कशाला बोलू, माझ्याबी मनात आलंतं की घेऊन टाकावं. चौदा वर्षं गाडीनं काही केलं न्हाई, आता एका कागदापायी पोरीचं काम घालवायचं?

पण ह्यांना कागदापेक्षा अपमान जास्त लागलेला. आदिनाथ जेवायला बाहेर आला तर त्यालाच धरलं. "ह्या मोकळ्या माळावर चला. माझी पोरगी चालवंल. काल लायसन काढलेलं लेकरू हाय. ती ब्रेक दाबंल, बघा गाडी कुठं वढती ती!"

ईश्वरी म्हणली, "आप्पा, नको." हे ऐकतात होय? पालथ्या घड्यावर पाणी. पोरगी आयुष्यात पहिल्यांदा त्या जीपच्या स्टेरिंगवर बसली. लांबून वेगानं आली, धुरळा उडवत. हे ओरडले, "दाब!"

तिनं दाबला. आत्ता गं बया! गाडी अशी डावीकडं फिरली की मला नुसती मागची बाजू दिसली. कडंला येड्या बाभळी, त्यांच्याखाली दगडांचा ढीग. ढिगाच्या हातभर अलीकडं जीप थांबली. मी चपला तिथंच टाकून पळाले. पोरगी स्टेरिंग धरून पांढरीफटक. "आई, मी सरळच धरलंतं. शप्पथ, सरळच धरलंतं."

"तुला येत न्हाई," हे म्हणले, पण आवाजात जोर नव्हता. "उतर. मी दाखवतो."

आदिनाथ शेजारी बसला, आमी मायलेकी मागं. ह्यांनी गाडी पळवली, त्याच जागी ब्रेक दाबला. गाडी सूतभरबी हलली न्हाई, सरळ उभी.

"बघितलंत?"

"बघितलं," आदिनाथ म्हणला. "ब्रेक दाबताना तुमी स्टेरिंग उजवीकडं घेतलंत."

"मी? मी न्हाई."

"घेतलंत, आप्पा," मागून ईश्वरी हळूच म्हणली.

ह्यांनी पुन्हा गाडी पळवली, पुन्हा दाबला. ह्या खेपेला मीबी हातांकडंच बघत होते. पाय खाली गेला की हात आपोआप उजवीकडं. ह्यांनी स्वतःबी बघितलं. उजव्या चाकाचा ब्रेक हळूहळू ढिला होत गेला असंल, अन् हात त्याच्या मागं मागं शिकत गेले, ह्यांना न सांगता. सव्वीस वर्षं कोंबडी मेली न्हाई ती गाडी चांगली म्हणून न्हाई. आन तीच गाडी सोमवारी माझ्या लेकीच्या हातात जाणार होती, मागं अकरा पोरी. मघाशी मी मान वळवलीती, त्याची मला एवढी लाज वाटली की काय सांगू.

पांढरा शर्ट पुन्हा आला. "मग आप्पा, करायचं का आपलं काम?"

हे खाली उतरले. "माझ्या लेकीला मारतो काय बे?" एवढं जोरात ओरडले की रांगेतल्या गाड्यांतून डोकी बाहेर आली. "हो बाजूला!" तो पांढरा शर्ट पुन्हा दिसला न्हाई.

शुक्रवारी केजला आमच्या नेहमीच्या मिस्त्रीच्या गॅरेजात उजवं चाक खोललं. आत ऑईल झिरपून ब्रेकचा लायनर चिक्क भिजलेला. मिस्त्री म्हणला, "आप्पा, असल्या गाडीवर तुमी माणसं नेली?" हे उभेच होते सकाळपासून, न खाता. आधी कुणी असं बोललं असतं तर पाना फेकून मारला असता. त्या दिवशी खाली मान घालून म्हणले, "नेली. सगळं नवीन टाक." दोन्ही चाकांचं नवीन टाकलं. सामान अंबाजोगाईहून यायला संध्याकाळ झाली, तोवर हे गॅरेज ते नाका, नाका ते गॅरेज. मिस्त्री शेवटी वैतागला, "वहिनी, ह्यांना घरी न्या, न्हाईतर मी गाडी आन ह्यांना दोघांनाबी जॅकवर चढवीन."

शनिवारी पुन्हा माळावरचं शेड. रोलर फिरले. मी डोळे मिटून घेतलेले. ईश्वरीनं माझं मनगट एवढं आवळलं की बांगडी पिचली. आदिनाथ लांबूनच हसत आला. दोन्ही चाकं सारखी. पास! ईश्वरीनं कागदाचा फोटो तिथूनच ताराबाईंना धाडला. ताराबाईंचं उत्तर आलं, सोमवारी सात वाजता ये. पोरगी रडायलाच लागली, मीबी लागले. हे मात्र गाडीभोवती फिरत होते, उजव्या चाकाकडं बघत.

परत निघालो. हे स्टेरिंगवर, ईश्वरी शेजारी, मी मागं. मांजरसुंब्याच्या घाटात एक ट्रॅक्टर पुढं होता. ह्यांनी ब्रेक दाबला आन गाडी उजवीकडं गेली, दुभाजकाच्या अंगानं. ह्यांनी सावरली. "मिस्त्रीनं काहीतरी घोळ घातला," म्हणले. थोडं पुढं पुन्हा दाबला, पुन्हा उजवीकडं. मागच्या गाडीवाल्यानं शिवी हासडली.

मशीननं तासाभरापूर्वी सांगितलंतं, दोन्ही चाकं सारखी. मग उजवीकडं कोण वढतंय, हे तिघांनाबी कळत होतं.

हे अगदी हळू चालवायला लागले. दोन्ही हात ताठ, कपाळाला घाम, ओठ हलतायत, जसं काही हातांना समजावून सांगतायत. मांजरसुंब्याच्या चौकाआधी सिग्नल देऊन रुंद जागेला थांबवायला गेले तर तिथंबी गाडी आधी उजवीकडं झुकली, मग कडंला लागली. इंजिन बंद केलं. तळवे उलटेपालटे करून बघितले. ह्या माणसाला मी तीस वर्षांत एवढा वेळ एका जागी बसलेला बघितला न्हाई. मला वाटत होतं त्यांनी ओरडावं, मिस्त्रीला शिव्या द्याव्या, काहीतरी करावं.

मग उतरले, पुढून वळसा घालून ईश्वरीच्या दाराशी आले आन चावी तिच्यापुढं धरली. "सरक तिकडं."

"आप्पा, आजच्या दिवस तुमीच..."

"सरक म्हणलं ना."

ती सरकली. आरसा आपल्या उंचीला लावून घेतला, गाडी रस्त्याला घेतली. चौकात एसटी आडवी आली, तिनं ब्रेक दाबला. गाडी सरळ उभी राहिली. ह्यांचा उजवा पाय पत्र्यावर जोरात आपटला, तिथं दाबायला काही नव्हतं. मला ते बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी मागून विचारलं, "अवो, इथं ढाब्यावर चहा घ्यायचा का?"

ह्यांनी मान वळवली न्हाई. "मला काय इचारतीस?" म्हणले. "डायव्हरला इचार."