पोपटी-जांभळी शाळा

माझं माहेर खालच्या तालमीचं आणि सासर वरच्या तालमीचं. कोल्हापूरबाहेरच्या माणसाला यात काय अवघड आहे ते कळायचं नाही. दोन्ही घरांत एका बोळाचं अंतर. पण दोन तालमींचा फुटबॉलचा सामना असला की त्या दिवशी मला दोन्हीकडे चहा मिळत नाही. आमच्याकडे तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. गल्लीचा गणपती, फुटबॉलचा संघ, लग्नातली वाढपी मंडळी, मयताला खांदा, सगळं तालमीचं. माझा धाकटा दीर वरच्या तालमीचा अध्यक्ष आणि माझा सख्खा भाऊ खालच्या तालमीचा. मिरवणुकीचे कुडते मात्र दोन्ही तालमी माझ्याकडूनच शिवून घेतात, कारण मला नाही म्हणायची दोघांचीही टाप नाही.

या दोन तालमींच्या मधोमध महापालिकेची शाळा आहे आणि शाळेसमोर माझं शिलाईचं दुकान. मी याच शाळेत शिकले. माझी मुलगी तिथेच तिसरीत होती. मशीनवर बसल्या बसल्या वर्गातले पाढे ऐकू येतात, इतकी शाळा जवळ.

मार्च महिन्यात एका दुपारी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दुकानात आल्या. ब्लाउजचं माप द्यायला आल्या असतील म्हणून मी टेप काढली, तर त्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पहिलीत मुलं आली नाहीत तर शाळा राहणार नाही. मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत मिसळणार म्हणतात."

मोठ्या रस्त्याला ना सिग्नल, ना गतिरोधक. मी दुकान सोडून मुलीला रोज चार वेळा तो रस्ता कशी ओलांडून देणार? आणि माझं तरी निभेल. मागच्या चाळीतल्या धुण्याभांड्याच्या बायका उजाडायच्या आत कामावर जातात. त्यांची मुलं आपली आपण दप्तर घेऊन शाळेत येतात, दुपारची खिचडी तिथेच खातात. त्यांना पलीकडे कोण सोडणार? आठवडाभर जातील, मग एक दिवस जायची थांबतील, आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. मला रागच आला. शाळेत एवढी वर्षं मोठाल्यांची मुलं शिकली, आणि आता ती उठवायला निघाले.

मग मी आणि मोठ्या बाई घरोघर फिरलो. उन्हात पदर डोक्यावर घेऊन दोन्ही बाजूंच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. सहा वर्षांचं पोर ज्या घरात आहे त्या घरात शिरायचं. प्रत्येक घरात आम्हाला बसवून घेतलं, चहा दिला, कुणी सरबत दिलं. "शाळा जगली पायजे, बाई," सगळे म्हणाले. "आमी बी तिथलंच की." आणि पोर? "बघूया की." कोल्हापुरात 'बघूया की' म्हणजे नाही. एवढा चहा पोटात घेऊन पदरात काय पडलं, तर खालच्या गल्लीतल्या दोन आयांचा शब्द, बस.

शेवटी मीच म्हटलं, तालमींना सांगू. त्यांनी मनावर घेतलं तर एका रात्रीत मांडव उभा राहतो. दिराला सांगितलं. तो म्हणाला, "वैनी, शाळा आपली हाय. काय पायजे बोला." भावाला सांगितलं. तो म्हणाला, "आक्का, एवढंच व्हय? झालंच म्हणून समज." मला बरं वाटलं. एवढं भोळेपण माझ्यात अजून कुठून शिल्लक होतं कोण जाणे.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी वरच्या तालमीची पोरं शिड्या घेऊन आली आणि शाळेची दर्शनी भिंत रंगवायला लागली. रंग पोपटी, त्यांच्या जर्सीचा. दुपारपर्यंत ही बातमी बोळ ओलांडून गेली. संध्याकाळी खालच्या तालमीची पोरं दुप्पट संख्येने आली आणि त्यांनी मागून सुरुवात केली. पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, कंपाउंड, सगळं जांभळं. त्यांच्या जर्सीचं. दोन्ही बाजू रंगवत रंगवत पुढे सरकल्या आणि मोठ्या बाईंच्या कार्यालयाच्या दारात एकमेकांना भिडल्या. चौकटीची एक बाजू पोपटी झाली, एक जांभळी. दाराचं काय, यावरून बाचाबाची झाली आणि दार तसंच बिनरंगाचं राहिलं. दोघांनी आपापल्या बाजूला आपापल्या तालमीचा फलक ठोकला. मोठ्या बाई सोमवारी आल्या, शाळेकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी हसून सोडून दिलं असतं. पण ज्या दोन आयांनी शब्द दिला होता त्या दुकानात येऊन सांगून गेल्या. "ताई, आमच्या मालकांनी न्हाय म्हटलंय. पोपटी शाळेत आपलं पोर कशाला घालायचं म्हणत्यात. पुढनं बघितलं की वरच्या तालमीचीच वाटती." म्हणजे शाळा वाचवायला तालमी आल्या आणि होती नव्हती ती दोन मुलंही गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच संध्याकाळी मी दोन्ही अध्यक्षांना दुकानात बोलावलं. दीर दाराच्या एका बाजूला उभा, भाऊ दुसऱ्या बाजूला. दोघेही दाराच्या रंगाबद्दल बोलायला तयार होऊन आले होते. मी म्हटलं, "दाराला आग लावा. मला एवढंच सांगा, तुमची पोरं कुठं घालणार?"

दोघांच्याही घरात सहा वर्षांचं मूल होतं. दिराची मुलगी, भावाचा मुलगा. दोघांचेही प्रवेश इंग्लिश मीडियममध्ये ठरलेले, पिवळी व्हॅनसुद्धा एकच. दीर पायातल्या चपलेकडे बघायला लागला. भाऊ शिलाईच्या मशीनकडे असा बघायला लागला की जणू ते आयुष्यात पहिल्यांदाच पाहतोय. मग दोघांनी, बहुधा जन्मात पहिल्यांदाच, एकच उत्तर दिलं, "घरात इचारतो." सगळी गल्ली ज्यांच्या शब्दावर हलते ते दोन पुरुष घरात विचारायला गेले. मी कुडत्याची बाही उसवत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ आली. धाकटी जाऊ, दिराची बायको. तिचा थोरला मुलगा आधीपासूनच इंग्लिश मीडियमला आहे. ती स्वतः कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला जाते. त्या आठवड्यात तिची दुसरी पाळी होती, म्हणून सकाळी मोकळी. आमचं कधी फारसं वाजलं नाही, पण त्या दिवशी ती भांडायलाच आली होती.

"ताई, शाळा वाचवायला तुमाला माझी पोरगी पायजे. पोरगीला ही शाळा पायजे का, ते कुणी इचारलं?"

मी काही बोलणार तेवढ्यात तिने थांबवलं. "कंपनीत सायेब इंग्लिशमधी बोलतो. मला कळत न्हाय. मी मान हलवते. दोन वर्षं झाली, मान हलवतेय. माझ्या मागनं आलेली पोरगी आता टेबलाला बसती, मी अजून खोकी चिकटवते. माझ्या पोरीनं बी मान हलवायची व्हय? ती माझी पोरगी हाय, तालमीची न्हाय. तुमच्या शाळेची बी न्हाय."

मी इतके दिवस घराघरांत फिरून पोरं गोळा करत होते, पण एकाही आईला मी विचारलं नव्हतं की बाई, तुला भीती कशाची वाटते. तिचा मुद्दा खोटा म्हणावा तर माझी स्वतःची मुलगी इंग्रजी वाचताना अडखळते, ते मला रात्री झोपू देत नाही. हे मी कुणाला सांगत नाही, पण आहे. माझं शाळेवर प्रेम आहे म्हणून शाळेत सगळं आहे असं थोडंच होतं.

मी तिला म्हटलं, "चल, मोठ्या बाईंनाच विचार."

बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. आम्ही तुमच्या मुलीला अमुक बनवू, तमुक बनवू, असलं काही त्या बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "इंग्रजी आम्ही पहिलीपासून शिकवतो. पण तुमच्या थोरल्याच्या शाळेत जितकं कानावर पडतं तितकं इथे पडणार नाही, खोटं कशाला सांगू? तुम्ही एक करा. पहिलीचा वर्ग मीच घेते, येऊन बसा. चार दिवस बसा, मग ठरवा. नाही पटलं तर तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही, मी सांगते."

एप्रिलची सकाळची शाळा होती. जाऊ खरंच जाऊन बसली, पहिलीच्या वर्गात, मागच्या भिंतीला टेकून, लहान मुलांबरोबर सतरंजीवर. वर्गात मुलं किती थोडी होती ते सांगत नाही, पण जाऊ बसल्यावर वर्ग भरल्यासारखा दिसला असणार. ती दोन सकाळी बसली. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दुकानात आली आणि मोठ्या बाई ज्या स्टुलावर बसल्या होत्या त्याच स्टुलावर बसली.

"मागच्या चाळीतली एक पोरगी हाय," ती म्हणाली, "तिनं गणित चालू असताना हात वर केला. म्हणाली, बाई, मला न्हाय कळलं. मला वाटलं, आता बसतंय हिच्या पाठीत. बाईनी फळा पुसला आणि पयल्यापासनं सांगितलं. चिंचोके मांडून सांगितलं. पोरगी परत म्हणाली, न्हाय कळलं. बाईनी परत सांगितलं."

तिने मशीनवरची टेप बोटाला गुंडाळली.

"मी आख्ख्या शाळेत एकदाबी म्हटलं न्हवतं ताई, मला कळलं न्हाय म्हणून. आमच्या थोरल्याला काल इचारलं. वर्गात कळलं न्हाय तर काय करतोस रे? म्हणाला, कायबी न्हाय, गप बसतो. शाळंत गप बसतो आणि मग ट्यूशनला जातो."

मग तिने डोळे पुसले. मीही पुसले. दोघीच होतो, लपवायचं कुणापासून?

तरी ती लगेच हो म्हणाली नाही. "एक वरीस," ती म्हणाली. "एक वरीस बघणार. आणि इंग्लिशचं बाईंच्या मागं लागणार. सोडणार न्हाय." दिराला तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण दोन दिवस तो माझ्या दुकानावरून मान खाली घालून गेला आणि तिसऱ्या दिवशी पिवळ्या व्हॅनवाल्याला नाही सांगून आला.

बातमी बोळ ओलांडायला किती वेळ लागतो? वरच्या तालमीच्या अध्यक्षाची पोरगी शाळेत जाणार म्हटल्यावर भाऊ धावत आला. "आक्का, मग आमी काय मागं राहायचं व्हय?" मी त्याला दारातूनच परत पाठवला. म्हटलं, "तू नको. तुझ्या बायकोला पाठव. वर्गात बसायला." वहिनी आली. तिच्याबरोबर त्या दोन आयाही आल्या, ज्यांच्या मालकांनी पोपटी शाळा नको म्हटलं होतं. मग रोज सकाळी पहिलीच्या वर्गात भिंतीला टेकून कुणी ना कुणी आई बसलेली असायची. बाईंनी त्यांना कामालाही लावलं. एकीने चिंचोके निवडले, एकीने मुलांची नखं कापली. सगळ्यांनाच पटलं असं नाही. वहिनीने शेवटी मुलाला व्हॅनमध्येच घातलं. म्हणाली, तुमची बाई चांगली हाय, पण माझं मन धजत न्हाय. मी तिला बोलले नाही. भावाने मात्र महिनाभर मला तोंड दाखवलं नाही.

पण पहिली भरली. फार नाही, शाळा उठवता येणार नाही इतपत. यंदापुरती. पुढच्या मार्चमध्ये परत फिरायचं आहे. पुन्हा चहा प्यायचा आहे, पण या वेळी आधी आयांना विचारायचं आहे.

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या दिवशी दिराने हलगी आणली होती. जाऊने गल्लीच्या तोंडाशीच त्याला अडवलं. "वाजवायची तर तालमीत वाजवा." मग मुलीला हाताला धरून ती एकटीच आली. पोपटी बाजूनेही नाही आणि जांभळ्या बाजूनेही नाही, बाईंच्या कार्यालयाच्या त्या बिनरंगाच्या दारातून तिने मुलीला आत सोडलं. मुलीने मागे वळून पाहिलंही नाही. जाऊ रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आली.

"घरी जात नाहीस?" मी विचारलं.

"जाते की. जरा बसते."

मी तिच्यापुढे एक कुडता आणि बटणांची डबी सरकवली. ती बटणं लावायला लागली. शाळेतून प्रार्थना ऐकू आली, मग हजेरी, मग बाईंचा आवाज बराच वेळ. मी मशीन चालवलं नाही, आवाज नको म्हणून.

मग पहिलीच्या वर्गाच्या खिडकीतून एक खणखणीत आवाज आला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा, आमच्या घराण्याचाच.

"बाई, न्हाय कळलं!"

जाऊच्या हातातली सुई थांबली. पलीकडून फळा पुसल्याचा आवाज आला आणि बाई पहिल्यापासून सांगायला लागल्या. जाऊने मान खाली घातली आणि बटण लावून झाल्यावर दोरा दाताने तोडला.