दुसऱ्याच्या टॉवरपुढचा नारळ

ऐंशीच्या दशकात वर्ध्यातल्या आम्ही काही मास्तर-कारकुनांनी होती नव्हती ती पुंजी नागपूरच्या एका वायरलेस कंपनीच्या शेअरांत घातली होती. दर रविवारी माझ्या ओसरीवर एकच काथ्याकूट चाले: टॉवर उभारायचा सरकारी ठेका मिळाला का, मुंबईवाल्यांशी भागीदारी ठरली का? कंपनी पत्राला उत्तरच देत नव्हती.

एका रविवारी आमच्यातले हेडमास्तर धापा टाकत आले. "सेलूजवळ टॉवर उभा होऊन राह्यला! आपलाच असन!"

चौकशी करायची हिंमत कोणात होती? आम्ही नारळ घेतला आणि एसटीत बसलो. टॉवरच्या पायाशी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. हेडमास्तरांचे तर डोळे भरून आले.

तेवढ्यात तिथला चौकीदार आला. "अजी, इथं पूजा काऊन करून राह्यले? हा तं बिजलीवाल्यांचा हाये. तारा चढाच्या हायेत अजून."

आम्ही त्याच्या हातावर खोबरं ठेवलं आणि परतीची एसटी धरली. वर्धा आलं तेव्हा हेडमास्तर हळूच म्हणाले, "पुलगावलेबी एक उभा होऊन राह्यला म्हणते."

मला असा संताप आला! त्यांना शिव्या घालायला मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, "या खेपेले नारळ मी आणतो."